पिवळी बॅच

समीक्षा कोळेकर चिडली की आधी तिच्या नाकाचा शेंडा लाल होतो आणि मग आवाज चढतो. कुपवाडच्या एमआयडीसीत ती ज्या छोट्या कारखान्यात काम करते, तिथल्या पोरींना हे पाठ आहे. नाक लाल दिसलं की त्या मुकाट्यानं जाऊन हातमोजे बदलून येतात, कारण तिच्या निम्म्या रागाचं मूळ हातमोज्यांतच असतं. उरलेल्या निम्म्यात ‘मॅडम, एवढं काय त्यात’ म्हणणारी सगळी माणसं येतात. एवढं काय त्यात! हे शब्द कानावर पडले की बाई पेटलीच म्हणून समजा. ‘एवढ्यातच माणसाचा पाय जातो!’ असं ती ओरडते, आणि समोरचा बावचळून बघत राहतो, की बाबा, ह्यात पाय कुठून आला?

पाय आला तिच्या बापाचा.

ज्योतिबा कोळेकर हा जत तालुक्यातल्या माळावरचा मेंढका. उभा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून कृष्णाकाठी उतरायचं, पावसाच्या तोंडाला माघारी यायचं. असल्या चालत्या माणसाला साखरेचा आजार झाला आणि तळपायाची जाणीवच गेली. बाभळीचा काटा आत मोडून राहिला तरी गड्याला पत्ता नाही! जखम चिघळली, वास मारायला लागली, तेव्हा कुठं दवाखाना दिसला. तिथं एक टाय बांधलेला विक्रेता यायचा. त्यानं कोलॅजनची परदेशी पट्टी आणून दिली आणि ‘नवी कातडी येईल’ म्हणून छातीठोकपणे सांगितलं. पट्टी दोन दिवसांत विरघळून गेली. दुसरी लावली, तीही गेली. शेवटी ज्योतिबाचा डावा पाय गुडघ्याखालून काढला.

समीक्षा तेव्हा कोल्हापुरात एम.एस्सी. करत होती. तिनं नंतर त्या पट्टीबद्दल मिळेल ते वाचून काढलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती पट्टी भाजलेल्या, ताज्या, स्वच्छ जखमेसाठी बनवलेली होती. साखरेच्या जुनाट जखमेत शरीराचीच एन्झाइमं खवळलेली असतात, कोलॅजन दिसलं की त्याचा फडशा पाडतात. हे कंपनीला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण विकायला काय जातंय? खाटेवर पडलेला मेंढका कुणाला जाब विचारणार होता? त्या दिवसापासून पोरीनं एकच ध्यास घेतला. ह्या घाणेरड्या जखमेतही तीन आठवडे तग धरेल अशी पट्टी बनवायची, आणि ती आपल्या माळावरच्या मेंढरांपासून बनवायची.

आता कोलॅजन म्हणजे काय, तर आपलं कातडं, शिरा, हाडं ज्या चिवट धाग्यांनी विणलेली असतात ते धागे. मेंढीच्या मागच्या पायाच्या घोटशिरेत, टाचेवरच्या दोरीसारख्या जाड कंडरेत, ते गच्च भरलेले असतात. समीक्षा त्या शिरा बारीक चिरून सौम्य ॲसिडात भिजवते. त्या फुगतात, त्यांची दाट पेज होते. मग धाग्यांची जी टोकं माणसाच्या शरीराला परकी वाटतात, ती एका एन्झाइमनं कापून टाकायची. पेज साच्यात ओतून हळूहळू गोठवायची, आणि त्यातला बर्फ वितळू न देता थेट वाफ करून काढून घ्यायचा. बर्फाचे कण होते तिथं भोकं उरतात, आणि हातात येतो पांढराशुभ्र, कापसासारखा हलका स्पंज. जखमेत ठेवला की आजूबाजूच्या पेशी त्या भोकांत शिरतात, मुक्काम करतात, आपलं नवं मांस-कातडं विणतात, आणि स्पंज विरघळून जातो. मेंढरं रात्रीपुरती कोंडायला माळावर वाघर लावतात, जाळ्याचं कुंपण, आणि सकाळी गुंडाळून पुढं निघतात. समीक्षा घरच्यांना असंच समजावून सांगायची.

खरी गोम होती धाग्याला धागा बांधणाऱ्या गाठींत. गाठी कमी पडल्या की एन्झाइमं स्पंज दोन दिवसांत खाऊन मोकळी. जास्त झाल्या की स्पंजाचं होतं पायताण; पेशी बाहेरच ताटकळत बसतात. रसायनांनी गाठी मारल्या तर रसायन मागं उरतं आणि पेशींना मारतं. समीक्षानं निर्वात भट्टीत नुसत्या उष्णतेनं गाठी मारायचं ठरवलं. किती उष्णता, किती वेळ, हे जमवण्यात तिचं लग्नाचं वय निघून गेलं असं नातेवाईक म्हणायचे. ती म्हणायची, ‘गेलं तर गेलं, त्याचं काय लोणचं घालायचं होतं?’

कारखान्याचा मालक अनीश. सांगलीच्या गावभागातला, गोड बोलणारा, हुशार. खोटं कशाला सांगा, त्यानं समीक्षाला बरीच वर्षं साथ दिली. शिरा पुरवायचं काम तिच्या घरच्यांकडं आलं तेही त्याच्याच संमतीनं. कोळेकरांच्या कळपातली तपासलेली मेंढरं परवाना असलेल्या कत्तलखान्यात जायची. तिथं समीक्षाची आई रंगुबाई स्वतः उभी राहून घोटशिरा सोडवायची, धुवायची, बर्फाच्या पेटीत भरायची. भाऊ सिद्धू ती पेटी मोटारसायकलवर बांधून कुपवाडला आणायचा. समीक्षानं आईला बजावलं होतं, मीठ लावायचं नाही, चुना लावायचा नाही. कातडी कमावणारे लावतात, म्हणून तिला तेवढंच सुचलं.

जनावरांवरच्या चाचण्या पार पडल्या. तपासणीचे रिपोर्ट आले. माणसांवरच्या चाचणीची परवानगी आली. सांगलीतल्या एका दवाखान्यात डॉक्टर चारुलता ही चाचणी करणार होत्या. पेशंटची यादी त्यांनीच केली, आणि त्या यादीत ज्योतिबाचं नाव होतं. कारण आता त्याच्या उजव्या पायालाही जखम झाली होती, अंगठ्याच्या मागं, रुपयाएवढी. एवढा एक पाय उरला होता त्याचा.

समीक्षानं आईला फोन केला. ‘आये, आता ह्या खेपेच्या शिरा माणसांच्या जखमंत जाणार हायत. आबांच्याबी. लय नीट कर.’

रंगुबाईनं लय नीट केलं.

बॅच तयार झाली आणि समीक्षा साच्यांकडं बघतच राहिली. स्पंज पिवळा. गर्द नाही, पण ताकाच्या कढीएवढा तरी पिवळाच. पोरी म्हणाल्या चरबी राहिली असेल. चरबी नव्हती. ॲसिड नवं होतं, भट्टी बरोबर होती. तिनं तुकडा एन्झाइमच्या द्रावणात टाकला, आता हा विरघळणार म्हणून वाट बघत बसली. पांढरा स्पंज ज्या मुदतीला झिजायला लागायचा, ती मुदत टळून गेली तरी हा पठ्ठ्या जशाच्या तसा.

अनीश आनंदानं नाचायचाच बाकी होता. ‘समीक्षा, अगं हे तर आधीपेक्षा भारी निघालं!’

‘का निघालं?’

‘ते नंतर शोधू. सोमवारी चाचणी सुरू होतीये.’

‘सर, हा माल वेगळा आहे. ह्याचे रिपोर्ट कुठंयत?’

‘रिपोर्ट आहेत की. पांढऱ्या बॅचचे. स्पंज तोच, साचा तोच, बनवणारी तूच. रंगाचं एवढं काय त्यात?’

झालं! नाकाचा शेंडा लाल झाला. समीक्षानं तुकडा त्याच्या टेबलावर आपटला, पण स्पंजच तो, आपटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही, त्यामुळं ती आणखीच चिडली. ‘ह्याच्यात काय गेलंय ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. तुम्ही पांढऱ्याचा कागद दाखवून पिवळा माल माणसात घालणार? लाज वाटायला पाहिजे!’ एवढं बोलून तिनं फ्रीझरला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली, सिद्धूला फोन करून पिवळ्या बॅचचं सांगितलं आणि जतची एसटी धरली.

घरी पोचली तेव्हा ज्योतिबा अंगणात खाटेवर बसला होता, पायाला कापडाची पांढरी पट्टी. सिद्धू कोकरांना पाला टाकत होता. रंगुबाई भाकरी थापत होती.

‘आये, शिरंला काय लावलंस?’

‘आल्या आल्या काय ग? पाणी तरी पी.’

‘काय लावलंस ते सांग!’

‘काय लावीन? मीठ न्हाई, चुना न्हाई. तू नको म्हणलीस त्यातलं काईबी न्हाई.’

‘मग पिवळं कशानं झालं?’

‘भंडाऱ्यानं हुईल की,’ रंगुबाई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

बिरोबाच्या जत्रेतला भंडारा! समीक्षानं पर्स उंबऱ्यावर आपटली.

‘तूच म्हणलीस न्हवं, ह्या बारीला जखमंत जाणार म्हणून?’ आई म्हणाली. ‘लोकर कातरताना मेंढराला कात्री लागली तर आदी हळद दाबतो आपण. आन् तुज्या बापाच्या पायात जाणारी वस्तू मी तशीच कोरडी धाडू व्हय? भंडारा चोळला, बर्फाच्या पेटीत रातभर ठेवला, हात जोडलं, सकाळी धुतली. पयल्यांदा परयोगाला जात हुती तवा न्हवता लावला. ह्या बारीला माणसाला जाणार म्हणून लावला. काय वाईट केलं?’

‘अगं, पण जत्रेतला भंडारा म्हणजे निस्ती हळद असती का? त्यात कसला कसला रंग मिसळत्यात, कुणाला म्हाईत! कपाळाला लावायचं येगळं, रगतात जाणारं येगळं! आबांचं मूत्रपिंड आदीच अर्धं गेलंय! तुला काई कळतं का?’

‘वराडू नगंस माज्यावर!’ रंगुबाई उसळली. पिठाचे हात तसेच वर करून ती बाहेर आली. ‘कळत न्हाई तर सांगायचं हुतं! मीठ नगं म्हणलीस, चुना नगं म्हणलीस. हळद नगं कवा म्हणलीस? शिकून आलीस ती आईवर वराडाय व्हय ग?’

दोघी मायलेकी अंगणात अशा कडाकडा भांडल्या की शेजारची बनुबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. एकीचा आवाज दुसरीपेक्षा कमी नाही. बाहेरच्याला वाटलं असतं, वाटणी चाललीय. दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि दोघीही ते पुसायला तयार नव्हत्या.

मधेच सिद्धू म्हणाला, ‘आक्के, पर तूच फोनवर म्हणलीस न्हवं, ती पिवळी लय टिकली म्हणून? मग चांगलंच झालं की. लावू या आबाला.’

समीक्षा त्याच्याकडं वळली खरी, पण तिचा आवाज खाली आला. कारण पोराचं चुकलं कुठं होतं? हळदीनं धाग्यांत जास्तीच्या गाठी पडल्या असणार, म्हणून स्पंज टिकला. ह्यातून उद्या काही चांगलं निघेलही. शुद्ध हळदीचा अंश मोजून घालायचा, पुन्हा पेशींवर, पुन्हा जनावरांवर तपासायचं, त्यात वर्षं जातील. पण मूठभर जत्रेतला भंडारा म्हणजे मोजमाप नव्हे. आणि पेशी त्या चिवट स्पंजात शिरतील की बाहेर बसून राहतील, हे तरी कुणाला ठाऊक?

ज्योतिबा खाटेवरून बोलला. ‘मग सोमवारी जायाचं का न्हाई सांगलीला?’

‘न्हाई, आबा. नवी बॅच करावी लागंल. तपासाय धाडावी लागंल. चार म्हैनं तरी जातील.’

ज्योतिबा पायाकडं बघत राहिला. मग त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर समीक्षाला बरं वाटलं असतं. जेवण न करताच ती माघारी फिरली, आणि एसटीत बसल्यावर तिला आठवलं की आईनं दिलेलं पाणीसुद्धा तिनं घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. कारखाना बंद. समीक्षानं कुलूप काढलं, तपासणीपुरता एक तुकडा शिक्का मारून बाजूला ठेवला आणि बाकीची सगळी पिवळी बॅच कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकायला सुरुवात केली. एकेक स्पंज बादलीत पडायचा आणि लालसर, चिकट होऊन बसायचा. वॉचमननं कळवलं असावं. अनीश गाडी घेऊन धावतच आला.

‘अगं वेडी झालीस का? थांब! समीक्षा, थांब म्हणतो ना!’

‘भंडारा आहे ह्यात. जत्रेतला. आईनं लावला.’

अनीशचे डोळे चमकले. ‘म्हणजे हळद! अगं मग भीती कसली? हळद तर औषधच. उलट लोक खूश होतील.’

‘कसली हळद? किती? सोबत आणखी काय? सांगा ना!’

‘हे बघ,’ तो तिच्या जवळ आला, आवाज मऊ केला. ‘तुझ्या वडिलांचं नाव आहे ना यादीत? चार महिने त्यांचा पाय वाट बघेल? माझं सोड. त्यांच्यासाठी तरी.’

हे मात्र त्यानं बोलायला नको होतं. दुसरं काहीही बोलला असता तर समीक्षा कदाचित रडली असती.

‘माझ्या बापाच्या पायाची दलाली करता?’ ती किंचाळली. ‘त्याच्या एका पायावर एकदा असंच कुणीतरी न तपासता पट्टी विकून गेलंय! त्याचं लाकूड झालं! आता दुसरा पाय तुमच्या सोमवारसाठी देऊ? आणि माझा बाप नसता यादीत, तर? दुसऱ्याच्या बापात घालू दिलं असतं का मी?’ तिनं उरलेले स्पंज एकदम बादलीत लोटले, त्याच हातमोज्यांनी फोन उचलला आणि अनीशच्या देखत डॉक्टर चारुलतांना सगळं सांगितलं. शब्दन् शब्द. भंडाऱ्यासकट, आईसकट, पांढऱ्या रिपोर्टच्या बेतासकट.

अनीशनं तिला काढलं नाही. काढतो कसला? दुसऱ्या कुणाला ते गाठींचं गणित येत होतं? पण त्यानं तिच्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. डॉक्टर चारुलतांनी चाचणी पुढं ढकलली आणि नव्या बॅचचे सगळे रिपोर्ट आल्याशिवाय पेशंटला हात लावणार नाही असं कळवलं. समीक्षा आता स्वतः कत्तलखान्यात उभी राहून शिरा सोडवायला लागली. रंगुबाईला ते फार लागलं. ‘माजं हात इटाळलं व्हय?’ असं तिनं एकदा विचारलं, आणि मग महिनाभर फोनवर नुसतं ‘हं, हं’.

नवी बॅच पांढरी निघाली. रिपोर्ट चांगले आले. पण ज्योतिबाच्या पायानं रिपोर्टची वाट बघितली नाही. जखम हाडापर्यंत गेली आणि दोन बोटं काढावी लागली. आणि चाचणीचा नियम असा, की ज्याच्या हाडात संसर्ग गेलाय त्याला घ्यायचं नाही. हा नियम डॉक्टर चारुलतांसोबत बसून समीक्षानंच लिहिला होता. बरोबरच नियम होता. त्या दिवशी तिनं कारखान्याच्या मागच्या भिंतीवर लाथ मारली आणि आठवडाभर लंगडत चालली.

चाचणी सुरू झाली. पहिला पेशंट तासगावचा कृष्णात, बेदाण्याच्या शेडवर काम करणारा. दर आठवड्याला समीक्षा डॉक्टरांच्या मागं उभी राहून जखम बघायची. पहिल्या आठवड्यात स्पंज जागच्या जागी. दुसऱ्यात भोकांतून बारीक लाल मांस वर आलं. तिसऱ्यात कडेनं गुलाबी कातडी सरकायला लागली. ‘मॅडम, बरं होतंय न्हवं?’ असं कृष्णातनं विचारलं तेव्हा तिनं मान हलवली, बाहेर आली आणि स्कूटरच्या रांगेआड उभी राहून संतापानं रडली. कुणावर संताप, हे तिलाही सांगता आलं नसतं. त्या बिचाऱ्या कृष्णातवर तर नक्कीच नाही, आणि तरी थोडा त्याच्यावरही.

त्याच दिवशी ती जतला गेली. ज्योतिबा अंगणातच होता. रंगुबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, ह्या खेपेला समीक्षानं तो घेतला.

‘आबा, पट्टी टिकली.’

‘कुणाला लावलीस?’

‘तासगावचा एक हाय. जखम भरत आलीय त्याची.’

ज्योतिबानं विचारलं, ‘ती पिवळी मला लावली असतीस तवा, तर माजी बोटं ऱ्हायली असती?’

रंगुबाई हातातलं काम सोडून लेकीकडं बघायला लागली. सिद्धूही बघायला लागला. ‘न्हाई’ एवढा एक शब्द पुरला असता, आणि घर शांत झोपलं असतं.

‘म्हाईत न्हाई, आबा,’ समीक्षा म्हणाली. ‘ऱ्हायली असती बी. न्हाई बी.’

‘खोटं तरी बोलायचं हुतंस!’ ज्योतिबा असा ओरडला की कोकरं बिचकली. ‘न्हाई म्हणायचं हुतंस, भवाने! न्हाई म्हणाया काय जात हुतं तुजं?’

समीक्षानं तांब्या खाली ठेवला.

‘राग हाय मला तुजा,’ तो म्हणाला.

‘मलाबी हाय,’ ती म्हणाली, हात धुऊन आली आणि त्याच्या पायाची पट्टी सोडायला खाली बसली.